ग्रहणात भरलेला हौद

ज्या गुरुजींनी मला ग्रहण शिकवलं त्यांच्याविषयी वाईट लिहायला माझा हात धजत नाही. ते नसते तर मी पदवीपर्यंत पोचलो नसतो, हे मी कुठेही, कुणाहीसमोर सांगेन. पण त्या वर्षीच्या ग्रहणाची गोष्ट सांगायची तर त्यांना वगळता येत नाही, आणि वगळलं नाही तर मनातला तिरस्कार लपवता येत नाही.

आमचं गाव रेणापूरजवळचं. सातवीत असताना एकदा गुरुजींनी वर्गाची दारं-खिडक्या लावून घेतली आणि टेबलावर कंदील पेटवला. तो सूर्य. हातात लिंबू घेतलं, तो चंद्र. पृथ्वीसाठी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला पुढे बोलावून माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. आमच्या बौद्धवाड्यातल्या पोराच्या डोक्याला हात लावणारे त्या शाळेतले ते पहिलेच मास्तर. मग लिंबू माझ्या डोळ्यांसमोर आणून त्यांनी विचारलं, "कंदील दिसतो का?"

"न्हाई, गुरुजी."

"विझला का मग?"

"न्हाई. लिंबू आडवं आलंय."

"झालं," ते म्हणाले. "ग्रहण एवढंच असतं."

त्याच तासाला त्यांनी राहू-केतूही सांगून टाकले. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, ते हे दोन बिंदू. बिंदूला तोंड नसतं, पोट नसतं, त्याला भूक कुठून लागणार? सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही. कुणीतरी एवढं मोठं भय इतक्या सहज पुसून टाकलं, याचंच मला नवल वाटत होतं. पुढे त्यांच्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून मी लातूरचं कॉलेज पहिल्यांदा पाहिलं.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा पावसाने दगा दिला. दिवाळीनंतर गावातल्या विहिरींचे तळ दिसू लागले. लातूरहून टँकर यायचा आणि पारासमोरच्या सिमेंटच्या हौदात रिकामा व्हायचा. गाव आपल्या हाताने पाणी काढून घेई. आमच्या बाया बाजूला घागरी मांडून बसत. सगळ्यांचं झालं की सरपंचांचा गडी हौदाच्या काठावरून त्यांच्या घागरीत पाणी ओती. आमच्या कुणी हौदात हात घालायचा नाही, असा कुठे लिहिलेला कायदा नव्हता. लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. लातूर जिल्हा होणार अशी हवा होती, आणि जिल्हा झाला की कलेक्टर येईल, नळ येईल, सगळं सुरळीत होईल, असं पारावर रोज बोललं जायचं.

त्या माघातल्या अमावस्येला मोठं सूर्यग्रहण होतं. खाली कर्नाटकात ते खग्रास दिसणार होतं, आमच्याकडे सूर्याची जेमतेम कोर उरणार होती. मी आनंदात कॉलेजातून पुठ्ठे आणि टाचण्या घेऊन घरी आलो. गावाची तयारी वेगळीच चालली होती.

माझे आजोबा आणि त्यांच्या आधीची माणसं ग्रहण सुटायच्या वेळी गल्लीगल्लीतून 'दे दान, सुटे गिराण' असं ओरडत फिरायची. सूर्याला धरणारा आमच्यातलाच कुणीतरी, आम्हाला दाणे आणि जुनी लुगडी दिली की तो सोडतो, अशी गावाची समजूत. छप्पन साली वस्तीने धर्म बदलला आणि हे मागणं सोडलं. मधली ग्रहणं लहानसहान होती, कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. इतक्या लांबच्या सूर्याला सोडवायची ताकद आमच्या घशात, आणि हौदातलं पाणी बाटवायची ताकद आमच्या बोटांत. एवढी सत्ता आणि एवढा विटाळ एकाच माणसात कसा मावतो, हे गावात कुणालाच खटकलं नव्हतं.

ग्रहणाच्या आठवडाभर आधी सरपंच आमच्या वस्तीच्या तोंडाशी, चिंचेखाली येऊन उभे राहिले. सोबत गुरुजी होते. माझा बा रोजगार हमीवर खडी फोडून नुकताच आला होता.

"औंदा मोठं गिराण हाय," सरपंच म्हणाले. "तुम्ही लोकांनी मागणं सोडलं तवापासून पाऊस फिरला, असं गाव म्हणून राहिलं. यावेळी तेवढं ओरडून जा. दाणे देऊ, कापडं देऊ."

बा टोपलं खाली ठेवत म्हणाला, "सूर्य आमच्या ओरडण्यावर सुटतो व्हय? आधी सांगायचं की. उगाच खडी फोडून राहिलो मी."

मागे उभ्या असलेल्या बाया पदर तोंडावर घेऊन हसल्या. सरपंच हसले नाहीत.

"थट्टा नको. हौद गावाचा हाय. गाव नाराज झालं तर तुमची घागर कोण भरून देईल, त्याचा विचार करा."

मी गुरुजींकडे पाहिलं. वाटलं, आता ते लिंबू काढतील. काढलं नाही, तेव्हा मीच म्हणालो, "गुरुजी, राहू बिंदू आहे ना? बिंदूला पोट नसतं."

त्यांनी टोपी सारखी केली. "बाळ, परीक्षेत बिंदू लिहायचा असतो," ते म्हणाले. "गावात गावाचं म्हणायचं."

या वाक्याइतकं हलकं वाक्य मी आजवर कुणा शिकलेल्या माणसाकडून ऐकलेलं नाही, आणि मी पुष्कळ ऐकली आहेत. पुढे नवा जिल्हा झाला, मला विज्ञान शिक्षकाची नोकरी लागली. एका नव्या कार्यालयाच्या उद्घाटनाला आम्ही शिक्षक शाळेची पोरं घेऊन उन्हात उभे होतो, कारण आतला पदवीधर साहेब राहुकाळ संपायची वाट पाहत होता. बिंदूला भिणारा माणूस जिल्ह्याची फाईल हलवणार होता. तेव्हाही मला गुरुजींचं हेच वाक्य आठवलं.

"आम्ही येणार न्हाई," त्या दिवशी चिंचेखाली बाने सरपंचांना सांगितलं. दोघे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, गावाने पाणी भरलं आणि सरपंचांचा गडी हात झटकून घरी गेला. आमच्या घागरी कोरड्या राहिल्या. मग बाया नदीच्या पात्रात झिरे खणू लागल्या. वाळूतून पाणी पाझरायचं, वाटीवाटीने घागर भरायची. माझी माय पहाटे जायची ती ऊन चढल्यावर परतायची. शेजारची म्हातारी बाच्या दारात येऊन बसली.

"माझ्या सुनंला सातवा लागलाय. ती रोज नदीपातुर चालून राहिली," ती म्हणाली. "घटकाभर ओरडलं तर कुणाचा घसा बसंल का रे? तुझ्या बापानं जन्मभर ओरडलं, तो काय मेला?"

"मेलाच की," बा म्हणाला. "ओरडून ओरडूनच मेला."

म्हातारी उठली नाही. ओरडायला गेलो तर वस्तीने सोडलेलं पुन्हा गळ्यात येणार, नाही गेलो तर त्या पोटुश्या बाईचा जीव जाणार. बा तसाच भिंतीला टेकून बसून राहिला. मला घरात वावरणं नको झालं.

ग्रहणाच्या दिवशी जेवणाची वेळ टळली तशी गावाची दारं लागली. गुरुजींचंही लागलं. गल्लीत एक माणूस नाही. आम्ही सगळे चिंचेजवळच्या मोकळ्या जागेत जमलो. माझे पुठ्ठे आणि टाचण्या मायच्या पिठाच्या चाळणीपुढे फिके पडले. तिने चाळणी सहज उन्हात धरली आणि खाली मातीत सूर्याच्या शेकडो कोरी उमटल्या, प्रत्येक भोकाची एक. पोरं त्या पकडायला धावली. "लिंबू आडवं आलंय," मी म्हणालो. माझ्या आवाजात गुरुजींचाच सूर होता. उजेड राखेसारखा झाला, चिमण्या चिंचेत शिरल्या, आणि तेवढ्यात रस्त्यावरून टँकर आला.

ड्रायव्हर लातूरचा, नवा होता. त्याने पारासमोर गाडी लावून भोंगा वाजवला. कुणी बाहेर आलं नाही.

"गाव मेलं का काय?" त्याने आम्हाला विचारलं.

"जित्तं हाय," माय म्हणाली. "सूर्य सुटायची वाट बघून राहिलेत, घरात बसून."

"मला अजून एक गाव हाय, मावशी. मी वाट बघत बसलो तर तिथले मला धरतील." त्याने नळी हौदात सोडली, टँकर रिकामा केला आणि निघून गेला.

हौद काठोकाठ भरला. आमच्या वस्तीतली पन्नास माणसं त्याच्याकडे बघत होती आणि गावातलं एकही बघत नव्हतं. म्हातारी घागर घेऊन पुढे झाली. बाने तिचा हात धरला. "आज हात लावला तर चोरी म्हणतील. उद्या पोलीस आणतील."

"भरल्या हौदासमोर बसून मरायचं व्हय?"

"बस," बा म्हणाला. ती बसली, पण बाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने शिव्या देत.

कुणी ओरडलं नाही. सूर्य सुटला. काठापासून हळूहळू, नेहमीच्या वेगाने, कुणाच्याही परवानगीची वाट न बघता.

दारं उघडली, आंघोळी झाल्या. गावाने एक सोय करून ठेवलेली आहे. पाण्यात आधीच तुळशीचं पान टाकलं तर ग्रहणात ते बाटत नाही. म्हणजे जो राहू सूर्य गिळतो त्याचं एका पानापुढे चालत नाही. घरोघरच्या पिंपांत अशी पानं होती आणि त्या पाण्याने सगळे न्हाले. पण हौद ऐन ग्रहणात भरलेला. पारावर माणसं जमली. भटजी म्हणाले, धरलेल्या सूर्याखाली पडलेलं पाणी, याला पान चालत नाही, हौद रिकामा करून धुवून घ्या, टँकर उद्या येईलच. गुरुजी ओल्या केसांनी कडेला उभे होते. पाण्याला ग्रहण लागत नाही, एवढं बोलायला त्यांना सातवीचं पुस्तकही लागलं नसतं. ते उपरण्याने केस पुसत राहिले.

बाटलेलं पाणी उपसायचं कुणी, हे ठरवायला भटजी लागले नाहीत. सरपंचांचा गडी थेट आमच्याकडे आला.

"दिवस मावळायच्या आत हौद उपसून टाका."

"उपसून टाकायचं कुठं?" बाने विचारलं.

"तुमच्याकडं न्या, न्हाईतर नाल्यात वता. गावाला त्याचं काय?"

बाने सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा विचारलं, "आमच्या हातानं? हौदात उतरून?"

"मग काय आमच्या?"

हुकमाचं काम आमच्या वस्तीने इतक्या मनापासून कधी केलं नव्हतं. घागरी, पिंपं, घमेली, लग्नातले डेग, गुरांच्या डोण्या, जे पाणी धरेल ते सगळं हौदाला लागलं. गाव नाकाला उपरणं लावून लांबून बघत होतं आणि लवकर आवरा म्हणत होतं. जे पाणी आम्हाला मिळू नये म्हणून त्यांनी आठवडाभर गडी परत पाठवला, तेच पाणी शेवटच्या थेंबापर्यंत आम्हीच न्यावं म्हणून ते आता मागे लागले होते. म्हातारीची सून हौदाच्या पायरीवर बसली, वाकली आणि ओंजळीने पाणी प्याली. घाईने नाही. मग तोंड धुतलं, मग पुन्हा प्याली. हौद आम्ही घासून लख्ख करून दिला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. कुठेतरी त्याचा पाटा तुटला, असं एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. तुळशीची पानं घातलेलं सगळं पाणी गावाने आंघोळीत संपवलेलं. तिसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी गुरुजी आमच्या दाराशी आले. काखेत तांब्याची कळशी होती, वर उपरणं टाकलेलं.

"आई अंथरुणावर आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तसं पाणी उकळलं की दोष राहत नाही. शास्त्र आहे त्यात."

शास्त्र त्यांना आता आठवलं होतं. माझ्या तोंडाशी पुष्कळ काही आलं, पण बा माझ्याआधी बोलला. "गुरुजी, ओरडायचं कारण न्हाई. नुसतं मागा."

गुरुजींनी कळशीवरचं उपरणं बाजूला केलं. मग म्हणाले, "पाणी द्या."

"पिंप ते हाय. झाकणावर तांब्या हाय. हातानं घ्या."

त्यांनी एकदा मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, मग वाकून पिंपात हात घातला. माझं डोकं धरणारे तेच हात होते. मी अजूनही पृथ्वी म्हणून वर्गातल्या एखाद्या पोराचं डोकं धरतो, कारण त्याहून चांगली रीत मला कुणी दाखवलेली नाही.

कळशी भरून ते निघाले. चिंचेपाशी थांबले, खिशातून तुळशीचं पान काढलं आणि कळशीत टाकलं. या पाण्याला पान चालत नाही, हे पारावर त्यांच्यासमोरच ठरलं होतं.

मी त्यांच्या मागे जाणार होतो. बाने मला थांबवलं.

"टाकू दे," तो म्हणाला. "पिणार तर हेच पाणी हायत."