त्याचे सहा, माझे सोळा

माझ्या मित्राच्या प्रदर्शनाचं वाटोळं मी केलं. मुद्दाम केलं. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे लिहून ठेवतो आहे, कारण आमच्या फोटोग्राफी मंडळात अजूनही सगळे समजतात की त्याला ते जमलं नाही आणि मी मात्र जीव तोडून मदत केली.

आम्ही दोघं एकाच कचेरीतून निवृत्त झालो. कॅमेऱ्याचा नाद मला तरुणपणापासून. भारी लेन्स, स्टँड, फिल्टर, सगळं होतं. रविवारी कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळ भरायचं, तिथे मी नव्यांना शिकवत असे. त्यालाही कॅमेरा धरायला मीच शिकवलं. त्याच्याकडे होता मुलीचा जुना, छोटा कॅमेरा.

एक दिवस तो पाकीट घेऊन माझ्या घरी आला. वर्षभर तो मार्केट यार्डात जात होता, एका म्हाताऱ्या हमालामागे. टेबलावर त्याने सहा फोटो मांडले. सगळ्यांत एकच गोष्ट होती: त्या हमालाची चुंबळ, डोक्यावरच्या ओझ्याखाली ठेवतात ती कापडाची गुंडाळी. ती वळणारे दोन हात. पोत्याखाली चेपलेली. जेवताना मांडीवर. दुपारी उशाला. संध्याकाळी खिळ्याला टांगलेली, मधला खळगा तसाच. फक्त एका फोटोत हमालाचा चेहरा होता, हसरा.

चाळीस वर्षांत मला असं काही सुचलं नव्हतं. माझ्या फोटोंत सूर्यास्त असे, देऊळ असे, पक्षी असत आणि सांगण्यासारखं काही नसे. माझ्या पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही.

"सहाच आहेत रे. कमी पडतील का?" त्याने विचारलं.

कमी पडणार नव्हते. हे मला त्याच्याहून चांगलं कळत होतं.

"सहा फोटोंचं कुठे प्रदर्शन असतं का?" मी म्हणालो. "लोक येतील आणि मिनिटात बाहेर पडतील. मार्केट यार्ड दिसायला हवं. कांदे, ट्रक, लिलाव, झेंडूचे ढीग. नुसतं फडकं काय बघायचं?"

"तुला जास्त कळतं," म्हणाला आणि पुन्हा फोटो काढायला गेला. त्याने आणलेल्यांतले सोळा मीच निवडले, मीच टांगले. चुंबळीचे सहा त्यांच्यात विखरून टाकले. दारासमोरची भिंत झेंडूला दिली.

लोक आले. "छान, रंगीत आहे हो," म्हणाले, चहा प्यायले आणि गेले. तो हमालही आला, धुतलेला सदरा घालून. दोन फेऱ्या मारून मित्राला म्हणाला, "सायेब, समदा बाजार हाय की. माझी चुंबळ कुठाय?"

मित्राने बोटाने दाखवली, कांद्याच्या पोत्यांशेजारी. त्यानंतर इतक्या वर्षांत त्याने कॅमेरा हातात घेतला नाही.

मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

गेल्या महिन्यात मंडळाच्या चहाला तो नव्या सभासदांना सांगत होता, "फोटोला नजर असावी लागते. ती याच्याकडे. आपण आपली हौस केली." आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला पेलवेना.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. प्रदर्शन उतरवताना ते सहा फोटो मी माझ्या कपाटात ठेवून घेतले होते. ते त्याच्या टेबलावर मांडले आणि सांगितलं, एवढेच पुरे होते, मला कळत होतं, पण मी जळत होतो.

त्याने आत बायकोला हाक मारली, "अगं, चहा एकच कप कर. पाहुणे घेत नाहीत."

नंतर चष्मा लावून फोटोंवर वाकला. हसऱ्या चेहऱ्याचा फोटो उचलला आणि पालथा घातला.

"हा नको होता. तेव्हाच तुला विचारणार होतो, तर तू सगळा बाजार मांडून बसलास."

उरलेले पाच मी पाहिले. त्याचं बरोबर होतं. आणि इतकी वर्षं कपाट उघडून मी सगळ्यांत जास्त वेळ पाहिला होता तो नेमका हाच, पालथा घातलेला फोटो. माफी मागायला गेलो होतो, तरी पुन्हा तसंच पोटात दुखलं.

येत्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये पाच फोटो लागतील. खिळे मी ठोकणार आहे. कुठे ठोकायचे, ते तो सांगेल.