दाढेची पाठवणी

वर्ध्यातल्या दातांच्या दवाखान्यात माझ्याआधी रोहणा गावच्या एका काकांचा नंबर होता. दाढ काढायची म्हणून मी घाबरून बसलो होतो, अन् काका गाल धरून, कण्हत, दुखऱ्या बाजूनंच फुटाणे चावत होते.

"काका, इतकं दुखते तर काऊन चावून राह्यले?"

"हे दाढ चाळीस वर्सं राबली माह्यासाठी. घरून जाणाऱ्याले उपाशी धाडते का कोणी?"

अर्ध्या तासानं ते तोंडात कापूस दाबून बाहेर आले. बोलता येईना. उरलेले फुटाणे माझ्या हातावर ठेवून त्यांनी माझ्या सुजल्या गालाकडे बोट दाखवलं.

मी शिकलेला माणूस, हसून मान हलवली. पण डॉक्टर "आ करा" म्हणाले, तेव्हा मला आधी तोंडातला घास गिळावा लागला.