खिडकीतले तेलकट कागद

भाताच्या जमिनीवर गोदाम झालं, तेव्हा आम्हाला पैसे मिळाले आणि मला रिकामा गाळा. अंजूरच्या त्या गाळ्यात फरशीवर कागद पसरून मी सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या, खिडक्यांची चित्रं रंगवली. गावात त्याला इस्राएलांची मशीद म्हणतात. या चित्रांवरून मुंबईचा कारागीर रंगीत काचा कापणार होता.

काम दिलं ते तिथली देखभाल करणाऱ्या काकांनी. त्यांचे पूर्वज घाणा चालवणारे, शनिवारी धर्माचा विसावा पाळून बैल न जुंपणारे तेली. त्यांच्या घरात अग्निरथातल्या संदेष्ट्याची तसबीर होती, म्हणून मी हौसेने तोच रंगवला. काका हसले. "बाय, तो घरच्या भिंतीवर बरा हाय. इथं प्रार्थनेच्या जागी मानूस नको. डाळिंब काढ." मी चरफडत डाळिंबं काढली. चांगली लालबुंद झाली.

काकांची लेक दिवाळीआधी त्यांना इस्राएलला कायमचं न्यायला येणार होती. जाण्याआधी खिडकीतून आलेला रंग एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. कारागीर मात्र दर फोनला "दिवाळीनंतर" म्हणायचा. माझ्या हातात काय होतं? काच काही मला कापता येत नव्हती.

मापं बघतो म्हणून काका चित्रं घेऊन गेले. मानकोलीच्या ट्रॅफिकमधून धडपडत मी सिनेगॉगला पोचले, तर सगळे कागद खिडक्यांत डकवलेले आणि तिळाच्या तेलाने निथळत होते. तेल पाजलं की कागदातून उजेड येतो, हे काकांनी लहानपणी कंदिलात पाहिलं होतं. पण त्या कागदांवरून आता काच कापायला छाप निघणार नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काका फरशीवर बसले होते. पांढऱ्या सदऱ्यावर डाळिंबाचा लाल रंग पडला होता आणि ते त्यात तळहात धरून बघत होते.

"आला ना गो उजेड?"

"आला, काका," मी म्हटलं.

ते लेकीबरोबर इस्राएलला गेले. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. काकांशिवाय दहा भरेनात, तेव्हा दार बंद झालं. किल्ली माझ्याकडे ठेवलीय. कारागीर आता स्वतःहून फोन करतो, चित्रं पाठवा म्हणतो. नव्याने काढायला बसते आणि उठते. कोणासाठी काढायची, तेच कळत नाही.

मागच्या आठवड्यात झाडायला गेले होते, तेव्हा काकांचा व्हिडिओ कॉल आला. "फोन जरा खिरकीकडं धर." नाही म्हणता येईना. तेल जुनं होऊन कागद काळवंडलेत, डाळिंबं ओळखूसुद्धा येत नाहीत. मी फोन धरला.

काकांनी चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. मग म्हणाले, "तिकडं सांज झाली वाटतं."

बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

"हो काका," मी म्हटलं, "झाली."