निळ्या गोटाचा जोड

माझ्या धाकट्या मावशीला सगळी गल्ली मोजपट्टी म्हणते, आणि तिला त्याचा राग येत नाही. राग येतो तो कुणी ‘साधारण’ म्हटलं की. ‘साधारण दोन हात लांब करा’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती आधी विचारते, ‘कुणाचे हात?’ तिचं गोधड्यांचं दुकान एका खोलीचं आहे. एक खिडकी, एक मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीवर एक घड्याळ, जे ती रोज रेडिओशी ताडून बघते. नवरा गेल्यावर या खोलीवर तिने मुलाला शिकवलं, दुसऱ्या शहरात नोकरीला पाठवलं. आता तोच मुलगा दर रविवारी फोन करून म्हणतो, ‘आई, बास झालं. इकडे ये आणि टीव्हीसमोर आरामात बस.’ मावशीच्या मते माणसाला टीव्हीसमोर आरामात बसवणं ही जन्मठेप आहे.

पण यंदा कामच आटलं होतं. शेवटी मायलेकांचं ठरलं, की एका मोठ्या विश्रामगृहाच्या चाळीस गोधड्यांचं काम मिळालं तर दुकान चालू ठेवायचं, नाही तर महिनाअखेर कुलूप. नमुना दाखवायचा होता गुरुवारी, पाच वाजता. आणि तिथली व्यवस्थापिका साधीसुधी नव्हती. पलीकडच्या रस्त्यावरच्या टेलरचा नमुना तिने गोटाच्या एका गाठीवर बोट ठेवून परत पाठवला होता.

गोट म्हणजे गोधडीच्या चारी कडांवरून फिरणारी पट्टी. ती फिरून जिथे निघाली तिथेच येते, आणि तिची दोन टोकं एकमेकांना जोडावी लागतात. चांगल्या कारागिराचा जोड कुणाला दिसत नाही, बोटाला लागत नाही. वाईट कारागिराचा जोड पायाच्या अंगठ्यालासुद्धा सापडतो.

बुधवारी संध्याकाळी मावशी स्टुलावरून पडली. वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढायला चढली होती का? नाही. मोजायला चढली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. गोधडी तयार होती, गोट लावायचा राहिला होता.

गुरुवारी दुपारी मला फोन आला. ‘तुझ्या आईला सांग, गोट लावता येत असेल तर ये म्हणावं.’

‘मावशी, तुला गोट लावायला तिनेच शिकवलं.’

‘म्हणून तर विचारतेय. येत असेल तर.’

इथे सांगायला हवं, की माझी आई आणि मावशी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दुकान उघडलं त्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच गिऱ्हाइकासमोर, आईने मावशीच्या गोधडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘इथे गाठ आलीय गं. शंभर वेळा सांगितलं, आधी पसर, मग काप.’ गिऱ्हाईक गोधडी तिथेच ठेवून गेलं. आईचा हेतू वाईट नव्हता. तिला ती खोडच आहे. आजाऱ्याला भेटायला गेली तरी तब्येत विचारताना त्याच्या पांघरुणाचा गोट चाचपते. पण मावशीने त्या दिवसापासून तोंड मिटलं. बाकी सगळं चालू होतं. सणासमारंभाला शेजारी शेजारी बसणं, एकमेकींच्या डब्यात खाऊ धाडणं, सगळं. फक्त बोलणं माझ्यामार्फत. मी नसलो तर मांजरामार्फत.

‘तिला सांग, मी काही येणार नाही,’ आई म्हणाली आणि चपला घालून जिन्यात जाऊन उभी राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. आई मशीनवर बसली, मावशी प्लास्टर सांभाळत समोर, आणि माझ्यासारखा पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला माणूस मध्ये, टपालपेटीसारखा.

‘तिला सांग, सुई बदललीय,’ मावशी म्हणाली.

‘आई, सुई बदल—’

‘ऐकलं. तिला सांग, मी बहिरी नाही.’

गोट गडद निळा होता आणि त्या रंगाचं कापड संपलं होतं. कापडाच्या दुकानदाराकडेही नव्हतं. होती ती पट्टी चारी बाजूंना पुरून वर जेमतेम जोडापुरती वीतभर उरणार होती. ‘तिला सांग, वाया घालवायला अर्धा इंचही नाही,’ असं मावशीने मला तीनदा सांगायला लावलं. आईने तिन्ही वेळा मान दुसरीकडे फिरवली.

मग काम सुरू झालं. आई सावकाश शिवत होती. मला वाटलं, मावशीला छळायला. एक बाजू, कोपरा. दुसरी बाजू, कोपरा. चौथ्या बाजूला आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक, दोन्ही मोकळी सोडून तिने मशीन थांबवलं. टोकं एकमेकांवर पट्टीच्या रुंदीइतकी, अडीच इंच, चढवून कापायची असतात. मावशी खुर्चीतून अर्धी उठली. आईने मोजलं, खडू लावला, कापलं. मावशी बसली.

आता खरी मेख. दोन्ही टोकं उलगडून, सुलट बाजू आतमध्ये घेऊन, काटकोनात एकमेकांवर ठेवायची आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी शिलाई मारायची. एवढी करामत टाचण्या लावलेल्या, आखडलेल्या, मध्येच भरगच्च झालेल्या गोधडीवर करायची. शिलाई मारली की पसरून बघायचं. सरळ बसली, तर जादाचं कापड छाटायचं. पीळ पडला असेल, तर उसवायचं. पण एकदा छाटलं, की मग उसवण्यात अर्थ नाही. पट्टी पुरतच नाही.

पाचला दहा कमी. खाली रस्त्यावर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मी खिडकीतून डोकावलो. एक बाई हातात वही घेऊन दुकानांच्या पाट्या वाचत होती.

‘आली,’ मी म्हणालो.

आईने तिरकी शिलाई मारली, दोरा तोडला आणि कात्री उचलली. पसरलं नाही. जिने आम्हाला सगळ्यांना ‘आधी पसर, मग काप’ हे पाढ्यांच्या आधी शिकवलं, तिने पसरलं नाही. मी मावशीकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे वळली, ‘तिला सां—’ म्हणाली, आणि तेवढ्यात कात्रीची पाती कापडाला टेकली.

‘ताई, थांब!’

कात्री थांबली.

‘पीळ पडलाय, ताई. डावं टोक उलटं गेलंय.’

आईने पट्टी उचलून उजेडात धरली. डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली.

‘कुठे?’

‘इथे काय. समोर आहे तुझ्या.’

‘निळ्यावर निळं कुणाला दिसतं?’

‘मला दिसतंय,’ मावशी म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. ‘तुला दिसत नाहीये. म्हणून पसरलं नाहीस. पसरून तरी काय बघणार होतीस!’

आईने कात्री खाली ठेवली.

‘कधीपासून?’

‘झालं वर्ष.’

‘आणि मला सांगितलं नाहीस?’

‘कुणामार्फत सांगू? हा घोळ घालतो.’ आईने माझ्याकडे हात केला. ‘आणि तू बोलत कुठे होतीस, चिमणे?’

जिन्यात पावलं वाजली. मावशीचं दुकान दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना चढा.

‘त्याला खाली पाठव,’ मावशी म्हणाली, आणि मी कुणी पाठवण्याआधीच निघालो. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी बाईंना गाठलं आणि उगाचच जिन्याच्या कठड्याचा इतिहास सांगायला लागलो. मला जिन्याच्या कठड्याचा कसलाही इतिहास माहीत नाही. वरून सगळं ऐकू येत होतं.

‘ब्लेड घे. हळू. एक टाका, आणखी एक.’

‘मला टाका काढायला शिकवू नकोस.’

‘शिकवत नाही, दाखवतेय. आता टोक फिरव. अंहं, माझ्याकडे. हां. मी डाव्या हाताने धरते, तू पाय टेकव.’

‘बोट काढ, शिवून टाकीन.’

‘शिव. एवीतेवी एक हात गेलाय.’

मशीन खडखडलं आणि थांबलं.

‘पसर.’

‘पसरलं. बघ.’

‘सरळ आहे, ताई. काप.’

कात्रीचा आवाज झाला. मग मशीनची एक लांब धाव. माझा कठडा संपला होता. बाई मला बाजूला सारून वर गेल्या.

त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. गोधडी टेबलावर पसरली, वही बगलेत धरली आणि एका कोपऱ्यापासून गोटावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. एक बाजू झाली. दुसरी झाली. तिसऱ्या बाजूला अंगठा क्षणभर अडला. आईने माझं मनगट धरलं. बाईंनी तिथला दोऱ्याचा तुकडा झटकला आणि पुढे गेल्या. चौथी बाजू संपली. त्या थांबल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरल्या, या वेळी चष्मा लावून.

‘जोड कुठे आहे?’

‘आहे तो,’ मावशी म्हणाली.

‘पण कुठे?’

‘तो सापडला असता, तर तुम्ही एव्हाना जिना उतरला असता,’ आई म्हणाली.

बाईंनी पहिल्यांदाच वही उघडली. चाळीसच्या चाळीस, असाच गोट, निळा नसला तरी चालेल. पुढच्या महिन्यात पहिल्या दहा. मावशी ‘नक्की कोणत्या तारखेला?’ असं विचारणार होती, तेवढ्यात बाईंनीच तारीख सांगितली, वारासकट. मावशीचं आणि त्यांचं जमणार.

बाई जिना उतरून गेल्या. मग आईने गोधडी ओढून घेतली आणि बोट फिरवू लागली. फिरवून फिरवून कपाळाला आठी आली.

‘खालच्या बाजूला होता ना गं?’

‘उजव्या.’

‘खालच्या. मला चांगलं आठवतंय.’

‘उजवीच आता खाली आलीय, तू गोधडी फिरवलीस.’

दोघी वाकल्या. आईचं बोट आणि मावशीचे डोळे अर्धा तास शोधत होते. सापडला नाही, आणि याचा दोष एकमेकींना देण्यात नऊ वर्षांची बाकी बऱ्यापैकी फिटली.

निघताना मावशी सवयीने माझ्याकडे वळली. ‘तुझ्या आईला सांग, उद्या सकाळी दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. मी येतेय बरोबर.’

‘त्याला काय सांगतेस?’ आई चप्पल शोधत म्हणाली. ‘मी इथेच उभी आहे.’