पोस्टरांच्या कापलेल्या पट्ट्या

तो आणि मी कोल्हापुरात चित्रकला एकत्र शिकलो. पुढं मी कागलच्या शाळेत शिकवू लागले, त्यानं इंटिरियरची कामं धरली. मला नाद एकच. मुंबईच्या गॅलऱ्यांनी आधुनिक चित्रकारांच्या प्रदर्शनांसाठी छापलेली जुनी पोस्टरं मी रद्दीच्या गठ्ठ्यांतून, बंद छापखान्यांतून पंचवीस वर्षं जमवत होते.

एका नव्या कॅफेचं काम त्याच्याकडं आलं. "भिंतीवर लावायला पोस्टरं आठ दिवस दे की. तुझ्या कपाटात काय झुरळं बघत्यात व्हय?" म्हणाला. मी अकरा पोस्टरं दिली. तो मूर्खपणा माझाच.

उद्घाटनाला गेले, तर सगळी प्लायवूडवर डिंकानं चिकटवलेली, वर चकाकणारी प्लॅस्टिकची फिल्म. आणि खालची पट्टी गायब. चित्रकाराचं नाव, गॅलरी, तारखा, छापखाना, सगळं तिथंच असतं.

"काय केलास हे? पट्ट्या कुठं हायत?"

"बोर्डावर बसंनात. जुन्या तारखाच होत्या की. आता कोण जाणार हाय ते प्रदर्शन बघायला?"

भोवतालचे हसले. त्यानं माझ्यासाठी कॉफी मागवली. मी जवळच्या पोस्टरची कड नखानं उचलली आणि ओढली. फिल्मबरोबर निळ्या चेहऱ्याची बाई अर्धी सोलून हातात आली. माझं सगळ्यात लाडकं पोस्टर.

"येडी हायस काय! आता कुणी फाडलं? मी का तू?"

खरं होतं ते. म्हणून जास्तच चीड आली. उरलेले दहा बोर्ड मी तिथंच भिंतीवरून काढायला लावले आणि टेम्पोत टाकून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वर्कशॉपवर गेले. कात्रणांचं पोतं जमिनीवर ओतलं आणि भुशात बसून एकेक कागद उलटला. तो दारात उभा राहून बघत होता. वाकला मात्र नाही. सात पट्ट्या सापडल्या. चार गेल्या त्या गेल्याच.

महिन्याभरानं तो घरी आला. मी जाळीचं दार उघडलं नाही.

"कागदापायी तीस वर्षांची मैत्री तोडतीस?"

"व्हय," म्हटलं, आणि आतलं दारही लावून घेतलं.

मला वाईट वाटायला हवं होतं, असं बहीण म्हणते. वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.