शेवंतीचा चहा

काचेच्या पेल्यातल्या गरम पाण्यात एक सुकलेलं फूल हळूहळू उमलतंय. शेवंतीच आहे, आपल्या हारातली असते तशी, पण लेकीने चीनमधून पाठवलेली. तिकडे औषधी म्हणून तिचा चहा पितात. पुडीवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ठळक छापलाय. श्वासागणिक शरीर आतून थोडं थोडं गंजतं आणि असली फुलं तो गंज थोपवतात, असं लेक फोनवर म्हणाली. डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले. "चहा म्हणून खुशाल प्या. औषध म्हणून नको."

पण पुडी आली तेव्हा घरात चहाची चव कुणाला होती? ह्यांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. सुकलेली शेवंती बघून सासूबाईंना वाटलं, कुणीतरी लेकासाठी देवावरची फुलं पाठवलीत. त्यांनी पुडी देव्हाऱ्यात ठेवली आणि आठ दिवस तिच्यापुढे हात जोडले. त्यांना खरं सांगायचा मला धीर झाला नाही. चौथ्या दिवसापासून तर जाता-येता माझेही हात जुळायला लागले. त्या आठ दिवसांत मी आतून किती गंजले, ते माझं मला माहीत.

आज रिपोर्ट आला. गाठ साधी आहे.

सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पावली गं बाई फुलं. आता पाण्यात सोड."

"सोडते, आई," म्हटलं, आणि गॅसवर तीन पेले पाणी ठेवलं.