नसलेल्या माणसाला फोन

माझं सासर बदुल्ला. चहा खाली बंदरात न्यायला इंग्रजांनी श्रीलंकेच्या डोंगरात रेल्वे चढवली, ती जिथे संपते ते हे शहर. मी ते पाहिलंही नव्हतं. नागपूरच्या मुलीनं अमेरिकेत शिकायला जाऊन तमिळ नवरा करावा, आणि तोही मद्रासचा नाही, हे माझ्या आईच्या गळी उतरायला वर्ष लागलं. नवरा मात्र अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून रोज बदुल्लाचं पुराण लावायचा. धुकं स्टेशनात कसं शिरतं, चहाच्या पेट्यांचा वास बाजारभर कसा पसरतो, अलीकडच्या एका स्टेशनातून निघालेली गाडी वळसा घेऊन त्याच स्टेशनाखालच्या बोगद्यातून कशी जाते. सासरे आधी चहाच्या मळ्यावर कारकून होते, मग त्यांनी बाजारात चहाचं दुकान काढलं. घरी फोन नव्हता. तो होता शेजारच्या निवृत्त रेल्वे गार्डांकडे. ते सिंहली, सासऱ्यांचे पत्त्यांतले जोडीदार.

फोनची युक्ती मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी शिकवली.

"अगं, कशाला बिल वाढवतेस? पर्सन-टू-पर्सन कॉल बुक कर, त्यात तोच माणूस फोनवर आला तरच पैसे पडतात, आणि घरात नसलेल्याच माणसाला विचार. 'नाहीत' म्हणाले की समजायचं, ऑल ओके. चार्ज झीरो!"

तिथली सगळी मराठी मंडळी हेच करायची. आम्ही पत्रानं बदुल्लाला तसं कळवलं आणि नाव ठरवलं नवऱ्याच्या लहानपणीच्या बोक्याचं. ऑपरेटर बाई मोठ्या अदबीनं 'मिस्टर' लावून बोक्याची चौकशी करायची, गार्डकाका गंभीरपणे सांगायचे, "ते घरी नाहीत," आणि आम्ही तोंडावर उशी दाबून हसायचो. काही वाईट असेल तर काय म्हणायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

त्र्याऐंशीच्या जुलैत टीव्हीवर कोलंबो जळताना दिसलं. सिंहली जमाव तमिळांची घरं-दुकानं शोधून शोधून पेटवत होता. मग रेडिओवर बदुल्लाचंही नाव आलं. नवऱ्यानं फोनपाशी ठाण मांडलं. ऑपरेटर दर वेळी सांगे, लाइन लागत नाही. तो जेवेना, बोलेना. मी देव पाण्यात ठेवून बसले होते आणि त्याच्यावरच खेकसत होते. घाबरले की मला राग येतो, त्याला इलाज नाही.

एका सकाळी लाइन लागली. ऑपरेटरनं बोक्याचं नाव घेतलं. आम्ही दोघं एकाच रिसीव्हरला कान लावून 'नाहीत'ची वाट बघत होतो.

"हो," पलीकडून कुणीतरी पुटपुटलं, "मीच बोलतोय."

हा गार्डकाकांचा आवाज नव्हता. मग त्यांच्या घरात हा कोण, आणि बोक्याच्या नावाला हो का म्हणतोय? नवरा पांढराफटक पडला.

"अप्पा?" तो कसाबसा म्हणाला.

सासरेच होते ते. दबक्या आवाजात त्यांनी सांगितलं, दुकान गेलं, घर गेलं. गार्डकाकांनी दोघांना आपल्या घरात लपवलंय, सासूबाई माळ्यावर आहेत. आत्ता रस्त्यावर जमाव आलाय, घरोघर विचारत फिरतोय. गार्डकाका दारात त्यांच्याशी बोलताहेत. घंटा बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून फोन यांनीच उचलला.

"आज ठेवू नकोस," ते म्हणाले. "बोलत राहा."

नवरा 'अप्पा, अप्पा' एवढंच म्हणत राहिला. मी रिसीव्हर ओढून घेतला. या माणसाशी मी कधी एक अक्षर बोलले नव्हते. इंग्रजीतून सांगत सुटले, आमच्या खोल्या, त्याचा अभ्यास, त्याला माझ्या हातचं वरण कसं आवडतं. इंग्रजी आटलं तशी मराठीत शिरले. त्यांना काय कळणार? पण पलीकडून बारीकसं 'हं' यायचं, आणि तेवढ्यावर माझा जीव टांगलेला होता.

मग 'हं' थांबलं.

"अप्पा?" काही नाही. दार आपटल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली. नवऱ्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

"हॅलो," गार्डकाकांचा आवाज आला. "ती माणसं गेली. दोघंही इथंच आहेत. तो रडतोय, म्हणून बोलत नाही."